रांगोळीतलं गाव

दहावीच्या मराठीच्या पेपरात रसग्रहणाला चार गुण असतात आणि त्याचे तीन खण मुलांना पाठ असतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. खण भरले की गुण पडले. मीही पुष्कळ वर्षं ते मुलांकडून भरून घेतले. सवय लागली ती लागलीच. आता निवृत्तीनंतर कवितेखेरीज इतर गोष्टीही मी तशाच वाचत बसतो. आज ज्याचं रसग्रहण करायचं ती कविता नाही. परभणी तालुक्यातल्या एका गावात मारोतीच्या देवळापुढं, धुऊन काढलेल्या शहाबादी फरशीवर रांगोळीनं काढलेलं ते एक गाव आहे. त्याच गावाचं चित्र. काढणारी, कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाची सातआठ पोरं-पोरी. बोटं रंगलेली, एकाच्या कानावर खडू खोचलेला. अशी तीन-चार चित्रं मी गेल्या काही पावसाळ्यांत पाहिली. खाली लिहितो आहे ते त्या सगळ्यांचं मिळून.

या पोरांच्या सातव्या सत्राला विद्यापीठाच्या कागदावर 'ग्रामीण कृषी जागरूकता व कार्यानुभव' असं लांबलचक नाव आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'रावे' म्हणतात. "सध्या कुठं?" विचारलं की उत्तर येतं, "रावेला." आता जुन्या मराठीत रावा म्हणजे पोपट. तीन वर्षं वर्गात घोकलेलं बाजूला ठेवून पोरांनी स्वतःचं बोलावं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं यासाठी आखलेलं सत्र, आणि त्याचं नाव 'रावे'! नाव ठेवणाऱ्यांच्या हे ध्यानीमनी नसणार. असे श्लेष ठरवून जमतही नाहीत.

व्यवस्था थोडक्यात सांगतो. १९९० च्या दशकात रंधावा समितीच्या शिफारशीनंतर देशभरच्या कृषी महाविद्यालयांत हा कार्यानुभव रुजला. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात त्याला वीस आठवडे आणि वीस श्रेयांक आहेत: गावात आठ आठवडे, विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या विभागात पाच, पीक चिकित्सालयात दोन, शेतीशी निगडित उद्योगात तीन, उरलेले तयारीला आणि अहवालाला. गावात प्रत्येकाला एक यजमान शेतकरी नेमून दिलेला असतो. त्याच्या शेतात जायचं, त्याच्या पिकाची नोंद ठेवायची, त्याच्याबरोबर काम करायचं. संपूर्ण सत्रात फळ्यासमोर बसायचं जवळजवळ नाहीच. परीक्षा आहे, पण ती घेणारा खरा परीक्षक बिडी विझवत विचारतो, "तुमच्या घरी किती रान हाय?"

हा प्रश्न साधा नाही. त्यावर मी पुढं येईन.

परभणीत हे सगळं घडण्यामागं जुनी मुळं आहेत. शेतीच्या प्रयोगांचं प्रक्षेत्र इथं निजामाच्या राज्यात १९१८ साली सुरू झालं, कृषी महाविद्यालय १९५६ चं, आणि मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं. तारीख नीट पाहा. त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि आजही आमच्याकडं ज्याला नुसतं 'बहात्तरचा' म्हटलं की पुरतं तो दुष्काळ पडला. शेतीच्या विद्यापीठाचं पहिलं वर्ष आणि शेतात दाणा नसल्याचं वर्ष एकच. २०१३ साली, जन्मशताब्दीच्या वर्षात, विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. या विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी देशभर गेली, 'परभणी शक्ती' नावाची लोह-जस्त जास्त असलेली ज्वारी २०१८ साली आली. पण वाण तयार करणं आणि माणूस तयार करणं यांत फरक आहे. वाणाला अंगचे गुण निवडता येत नाहीत, पोराला येतात. म्हणून तर पंचाईत.

पंचाईत कशी ते परभणीची एक जुनी म्हण सांगते. निजामाच्या नोकरशाहीत म्हणत, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' जमलं तर जमलं, नाही तर आहेच परभणी. आपल्या शहरावर कुणी अशी म्हण केली तर राग यायला हवा. परभणीकर ती हौसेनं सांगतात. कृषी महाविद्यालयात येणाऱ्या कित्येक मुलांचा प्रवेश या म्हणीसारखाच झालेला असतो. डॉक्टरकी जमली तर जमली, नाही तर आहेच 'अॅग्री'. आल्यावरही निम्म्यांच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पीकशास्त्राच्या पुस्तकांवर रचलेली असतात. पदवी म्हणजे शिडी, शेती म्हणजे शिडी टेकवायची भिंत. आणि यांतले बहुतेक शेतकऱ्याचीच लेकरं. ज्या रानातून पाय निघावा म्हणून बापानं शिकवलं, त्याच रानात, पण परक्या माणसाच्या बांधावर, सातव्या सत्रात यांना उभं केलं जातं.

आता चित्राकडं वळू.

पहिली रेघ खडूनं मारतात, उत्तर दिशा ठरवून. मोबाईलमधली सुई फिरते आणि तहसीलच्या नकाशासारखी उत्तर वर येते. एवढ्यात पारावरचा कुणी म्हातारा उठून येतो आणि म्हणतो, "हे उलटं काढायलेत तुम्ही." त्याचं गाव उत्तरेवर टेकलेलं नसतंच. त्याच्या दिशा म्हणजे उगवती, मावळती, वरलाकडं, आणि गंगेकडं. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, गंगाखेड त्या गंगेचं. पाणी जिकडं वाहत जातं ती बाजू खाली, पाऊस जिकडून येतो ती वर. पोरं क्षणभर घुटमळतात, पुसायचं की ठेवायचं? ज्या चित्रात त्यांनी पुसलं ते मला अधिक आवडलं. एका गटानं उत्तर तशीच ठेवली आणि म्हाताऱ्याच्या समजुतीसाठी कोपऱ्यात बाण काढून 'गंगा' लिहिलं. तेही वाईट नाही. त्याला मी तीन गुण देईन.

मग रंग. घरं पांढऱ्या रांगोळीनं. हे त्यांनी सहज केलं, कारण पांढरी रांगोळी स्वस्त आणि भरपूर. पण मराठीत गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी, हे यांतल्या कुणाच्या मनात नव्हतं. पांढरी पांढऱ्यानं निघाली. शेतं हिरवी काढली, कापसाचे पांढरे ठिपके दिले, सोयाबीनला पोपटी, तुरीच्या तासांना पिवळी रेघ. काळी मात्र कुणी काढली नाही, काळी रांगोळी मिळत नाही. म्हणून जिथं काहीच काढलं नव्हतं, जिथं शहाबादी फरशी तशीच उघडी होती, तिथं ती आपोआप दिसली: दोन रंगांमधल्या फटीतून, भिजून अधिकच गडद झालेली. काव्यसौंदर्याचा खण मी इथं भरतो. चांगल्या रचनेत न लिहिलेली जागाही बोलते असं आम्ही वर्गात सांगायचो. उदाहरण देताना दरवेळी अडायचो.

निळ्याची गोष्ट वेगळी. गावाला ओढा आहे आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याची चारीही आहे. पोरांनी दोन्हीला एकच निळा दिला. तेव्हा एक बाप्या माणूस पुढं झाला. त्यानं ओढ्याकडं बोट केलं: "वढा हिकून न्हाई, तिकून जातो. मव्हं रान त्यानंच खरडून नेलं." मग कालव्याकडं पाहून म्हणाला, "आन् ह्यात कव्हा पाणी असतं, ते लिव्हा की." पैठणचं पाणी पाळीनं सुटतं, आणि कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना ते किती येतं, कधी येतं, हा आमच्या जिल्ह्यातला दर हिवाळ्याचा विषय. वरच्या गावांनी अडवलं, वितरिका फुटली, पाळी लांबली. निळ्या रेघेत हे काही नव्हतं. एका मुलानं विचार केला आणि कालव्याची रेघ मधेमधे बोटानं पुसून तुटक केली. चार बोटांची किमया. मला कुठल्याही छापील नकाशात इतका प्रामाणिक कालवा दिसलेला नाही.

तो तुटक करणारा मुलगा त्या क्षणी काय होता? शिकणारा की शिकवणारा? सहभागी पाहणीची ही पद्धत १९८० च्या दशकाच्या शेवटी भारतात आणि केनियात आकाराला आली, आणि इंग्लंडमधल्या ससेक्सच्या रॉबर्ट चेंबर्स या अभ्यासकानं ती जगभर पोचवली. तिच्यात एक साधी कृती सांगितलेली आहे: हातातली काठी दुसऱ्याच्या हाती द्या. इथं खरोखरच काठी असते. नकाशा समजावून सांगायला पोरं शेवग्याची नाही तर तुरीची काठी घेऊन उभी राहतात, मास्तरसारखी. पहिली दहा मिनिटं ती काठी त्यांच्याच हातात असते. नंतर कधी ती म्हाताऱ्याच्या हातात गेली हे कुणाच्या लक्षात येत नाही. मी मात्र नेहमी त्या काठीवर नजर ठेवून असतो. ज्या गटात ती शेवटपर्यंत पोराच्याच हातात राहिली, तिथला नकाशा सुरेख होता आणि त्यात गाव नव्हतं.

चित्राच्या खालच्या कडेला पायऱ्या लागतात. तिथं फरशी संपते, म्हणून तिथली घरं दाटीनं, एकमेकांवर चढलेली. वेशीबाहेरची वस्ती ती. कुणी मुद्दाम केलेलं नसतं; देवळापासून काढायला सुरुवात केली की वस्ती कडेलाच येते, जागा उरली तर. पोरांनी ठरवलेलं नाही म्हणून ते कमी बोचरं होत नाही. एकदा मागं उभ्या असलेल्या बाईनं आवाज दिला, "बाई, आमचा हापसा ऱ्हायला की!" आणि मुलींतली एक जण पायरीवर उकिडवी बसून हापसा काढायला लागली. फरशी संपल्यामुळं तो तिनं पायरीवरच काढला. मग बायका बोलायला लागल्या. कोणता आड मार्चातच तळाला जातो, पाण्याला जायला किती वेळ लागतो, रात्रीची पांदणीत कुठं भीती वाटते. हे बोलणं पुरुषांच्या घोळक्यात निघालं नसतं. ती मुलगी तिथं नसती तर नकाशाच्या या भागात नुसती घरं राहिली असती.

त्या मुलीला विद्यापीठाच्या भाषेत 'कृषिकन्या' म्हणतात. आणि तिच्याबरोबरच्या मुलाला 'कृषिदूत'. इथं मला थोडं भांडायचं आहे. दूत म्हणजे पाठवलेला, निरोप घेऊन आलेला, परत जाऊन उत्तर सांगणारा. ते काम आहे. कन्या म्हणजे कुणाची तरी. ते नातं आहे. एकाच अभ्यासक्रमात, एकाच गुणपत्रिकेवर, मुलाला हुद्दा मिळाला आणि मुलीला माहेर. मुलींना हे खटकत नाही असं नाही, एकीनं मला हसत विचारलं होतं, "सर, आम्ही काय निरोप नेत नाही?" पण भाषिक वैशिष्ट्यांच्या खणात दुसरी बाजूही लिहायला हवी. कन्या म्हणून आलेलीला चुलीपर्यंत वाट मिळते. दूताला ओसरीवर चहा मिळतो. निंदायला, वेचायला, बियाणं निवडायला, साठवायला बाईचेच हात असतात, आणि त्या हातांपर्यंत पोचायला कन्येला परवानगी लागत नाही. शब्द चुकीचा, फळ बरोबर. तरी शब्द बदलावा असंच माझं मत.

नकाशाइतकाच रस मला त्यांच्या वह्यांत मिळाला. शेजारच्या एका मुलानं त्याची दैनंदिनी मला शुद्धलेखनासाठी आणून दिली होती, म्हणजे खरं तर बातमीच्या मजकुरासाठी. दैनंदिनी इंग्रजीतच असते, कारण शिकवणं इंग्रजीत. पण पानोपानी काही मराठी शब्द इंग्रजीच्या रांगेत ताठ उभे होते: वाफसा, डवरणी, मोघण, सावड, इरजिक, आखाडा. वाफशाला त्यानं प्रथम इंग्रजी पर्याय लिहिला होता, मग तो खोडला होता. मला ती खोडाखोड बघत राहावीशी वाटली. पुस्तकात जमिनीतल्या ओलाव्याची टक्केवारी असते. वाफसा म्हणजे पाऊस उघडल्यावर ढेकूळ हातात घेऊन दाबायचं, ते चिकटत नाही आणि उडतही नाही, भुसभुशीत फुटतं, ती वेळ. काळ्या जमिनीत ती वेळ फार थोडी टिकते, आणि ती चुकली तर औत चालत नाही. मोजमाप खरं आहेच, पण पेरणी ढेकळावर ठरते. तीन वर्षं इंग्रजीतून शिकलेला मुलगा जेव्हा तो शब्द खोडतो, तेव्हा तो घरी परत येतो, आणि पुस्तक बरोबर घेऊन येतो.

आता त्याच मुलाची बातमी. 'कृषिदूतांनी शेतकऱ्यांना बीजप्रक्रियेबाबत मार्गदर्शन केले. यावेळी बीजप्रक्रियेचे महत्त्व पटवून देण्यात आले.' मग प्राचार्य, कार्यक्रम समन्वयक, कार्यक्रम अधिकारी यांच्या मार्गदर्शनाखाली, मग सरपंच, उपसरपंच, आणि शेवटी 'आदी शेतकरी उपस्थित होते'. मी त्या 'आदी'पाशी थांबलो. सगळं गाव त्या दोन अक्षरांत कोंबलेलं. आणि 'देण्यात आले'! कुणी दिलं, कुणी घेतलं, कुणाचा पत्ता नाही. कर्मणी प्रयोगानं माणसाला असं पुसावं ते आपल्या सरकारी मराठीतच. मी लाल पेन काढला होता. मग विचारलं, "खरं काय झालं तिथं?" तो म्हणाला, आम्ही सोयाबीनला आधी बुरशीनाशक चोळलं, मग जिवाणूसंवर्धक, आणि सांगितलं की हा क्रम उलटा करू नका. तेव्हा एका मावशीनं विचारलं, "मग बी वाळवायचं उन्हात का सावलीत?" ते मला माहीत होतं. पण दुसरीनं विचारलं, "निम्मं पेरून झालंय, आता ह्या बाकीच्यालाच लावलं तर चालंल का? मग कोणतं चांगलं आलं ते दिसंल." सर, तो प्रयोग होता. तिनं आम्हाला प्रयोग सुचवला.

मी पेन बंद केला. बातमी तशीच छापून आली असेल. ती मावशी त्यात नसेल.

हे मी का सांगतो आहे? कारण पोरगा कशानं कृषीचा माणूस होतो, याचं उत्तर पदवीदानाच्या झग्यात शोधणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. मी पाहिलेल्या या पावसाळ्यांत ते उत्तर मला दोन ठिकाणी दिसलं. पहिलं खिळ्यात.

बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक होतं. या औषधाची जन्मकथाच मोठी मजेची आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर वाटसरूंनी हात मारू नये म्हणून बागाईतदार मोरचूद-चुन्याचं हिरवंनिळं पाणी शिंपडत. त्याच वेलींवर केवडा कमी पडतो हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ साली ते जगापुढं आलं. चोर पळवायचा उपाय औषध झाला. करायची रीत अशी: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून एकाच वेळी तिसऱ्या पिपात ओतायचं. आणि शेवटी एक लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, पानं भाजतील, आणखी चुना हवा.

समोर तीसचाळीस माणसं. मुलानं खिळा बुडवला, वर काढला, आणि तो तांबडा. कुणीतरी हसलं. मुलाचे कान लाल झालेले मला दुरून दिसले. एका क्षणात तो बादली बाजूला सारून विषय बदलू शकला असता; वर्गातल्या तोंडी परीक्षेत आपण सगळ्यांनी ते केलेलं आहे. तो म्हणाला, "चुना कमी पडला. चुना जुना असंल तर असं होतं. बघा, पुन्हा टाकतो." त्यानं निवळी ओतली, खिळा घासून पुसला, पुन्हा बुडवला. चकचकीत. हसलेल्या माणसानं तो खिळा मागून घेतला आणि खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी मोसंबीच्या बागेत त्यानं तो वापरला असेल की नाही, देव जाणे. पण खिळा खिशात गेला.

याचं नातं दूरच्या एका गोष्टीशी आहे. अमेरिकेत टेक्सासातल्या टेरेल गावी १९०३ साली सीमन नॅप यानं सरकारी फार्मवर प्रात्यक्षिक न करता ते पोर्टर नावाच्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतावर, त्याच्याच हातून करून घेतलं. विस्तारशिक्षणाचा धडा तिथून सुरू होतो असं पुस्तकं सांगतात. आपल्या मराठी माणसाचाही यात वाटा आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या चळवळीतून फिरत फिरत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी शाळेत प्राध्यापक झाले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवू लागले. मक्यावर काम करणारा हा वर्धेकर तिकडच्या खेड्यापाड्यांत पोचला. इकडं आपल्याला त्यांचं नाव माहीत व्हायला बराच उशीर झाला. परभणीच्या बांधावरच्या त्या मुलाला मी खानखोज्यांबद्दल सांगितलं. त्यानं वहीत नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "स्पर्धा परीक्षेत येतं का सर?" येतं बहुतेक, म्हणालो.

दुसरं ठिकाण, तो प्रश्न. "तुमच्या घरी किती रान हाय?" शेतकरी हा प्रश्न जमीन मोजायला विचारत नाही. तू कुणाचा, तुला कितपत कळतं, तू उद्या राहशील का निघून जाशील, हे त्याला काढायचं असतं. पहिल्या आठवड्यात ही पोरं गावाच्या तोंडी 'सायब' असतात. त्या 'सायब'मध्ये निम्मी थट्टा असते. सव्वीस जुलैला चिखलात बूट रुतलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला साहेब म्हणणं ही मराठवाड्याची खास खोच. नंतर ते 'कृषीचे पोरं' होतात, मग 'अमक्याच्या घरी उतरलेले', आणि शेवटच्या पंधरवड्यात कधीतरी नावानं हाक येते, दादा किंवा ताई लावून. 'सायब'पासून 'दादा'पर्यंत ही बढतीच आहे. कागदावर कुठं नोंद नाही तिची.

ती बढती कशावर मिळते ते मी एकदा ऐकलं. शेतकऱ्यानं विचारलं, "माह्या तुरीचे शेंडे असे कायमुळं वाळायलेत?" मुलगी झाडापाशी गेली, खोड चिरून पाहिलं, आणि म्हणाली, "मामा, मर असंल, पण नक्की सांगता येत नाही. मी उद्या विचारून येते." आम्ही शिक्षक मंडळी हे वाक्य परीक्षेत ऐकलं तर शून्य देतो. इथं ते बोलल्याबरोबर त्या माणसाच्या चेहऱ्यावर एक ढिलेपणा आला. त्याला माहीत नसणारे पुष्कळ भेटले होते. 'माहीत नाही' म्हणणारी ही पहिलीच असावी. ती दुसऱ्या दिवशी खरोखर आली. झाडाचा फोटो आणि मुळासकट उपटलेलं रोप घेऊन ती कृषी विज्ञान केंद्रात गेली होती. बरोबर आणलेलं उत्तर काय होतं हे मला नीट आठवत नाही. तिचं परत येणं आठवतं.

आणि याच मुलीनं मला सांगितलं, बापानं घरी तूर किती वर्षं घेतली, मर किती वर्षं लागली, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. परक्या मामाला विचारल्यावर रात्री तिनं घरी फोन करून बापाला विचारलं. बाप आधी गप्प राहिला, मग अर्धा तास बोलत होता.

खोट कुठं नाही? आहे. काही गट चित्र आधीच वहीत ठरवून येतात, गावकरी जमायच्या आत रांगोळी भरून फोटो घेतात, फोटोत बॅनर चित्रापेक्षा मोठा असतो. कित्येकदा मुलं गावात पोचेपर्यंत निम्मी पेरणी झालेली असते, मग बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक पेरून झालेल्या माणसांसमोर होतं. ज्या पानावर गेल्या वर्षीच्याच अहवालातली वाक्यं आहेत ते पानही मी पाहिलं आहे. पण सर्वात मोठी खोट नकाशातच आहे, आणि ती कुणाच्याही आळसाची नाही. हा नकाशा पावसाळ्यातला आहे. आषाढात काढलेल्या चित्रात सगळ्या घरांना दारं उघडी, प्रत्येक घरी माणसं. सोनपेठ, गंगाखेड, पालमकडच्या गावांतले कित्येक संसार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि चैत्रापर्यंत दारांना कुलपं असतात. सातव्या सत्राचं गाव भरलेलं असतं, आठव्या सत्रातलं रिकामं. पोरं हंगामाचं कॅलेंडर म्हणून एक वेगळा तक्ता करतात, त्यात पेरणी-काढणीच्या रांगेत 'स्थलांतर' असा एक रंगाचा पट्टा असतो. चांगला उपाय आहे. तरी पट्टा म्हणजे कुलूप नव्हे. एखाद्या गटाला विद्यापीठानं हिवाळ्यात पुन्हा त्याच फरशीवर नेऊन उभं करावं, तोच नकाशा काढायला सांगावा, अशी माझी फार इच्छा आहे. पांढऱ्या घरांतली किती तशीच राहतील?

पावसाळा संपता संपता, सप्टेंबरच्या शेवटाला, ही पोरं गाव सोडतात. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या दिवशी, विद्यापीठात रब्बीचा मेळावा असतो, बरेचसे यजमान त्या गर्दीत भेटतात. मग पोरांचे आठवडे उद्योगात जातात, नंतर अहवाल, तोंडी, गुण. सत्र संपतं.

तूर मात्र तेव्हा फुलावर यायची असते. खरिपातली सगळ्यात उशिरा हाताशी येणारी ती. नोव्हेंबरात फुलं, डिसेंबरात शेंगा, त्याच सुमाराला अळी. तोवर मुलगा परभणीत कुठल्याशा अभ्यासिकेत बसलेला असतो, लाकडी खणात, समोर चालू घडामोडी. बाहेर थंडी; परभणीचा पारा बातमीत येण्याइतका उतरलेला. खिशातला फोन थरथरतो. पडद्यावर यजमान मामांचं नाव. अभ्यासिकेत फोन उचलायला बंदी. तो पुस्तक पालथं घालतो, चप्पल शोधतो, जिन्यात येतो.

"बोला मामा. फुलं गळायलेत म्हणता? किती गळायलेत? पाणी कव्हा दिलं होतं?"